न भरलेलं काडतूस

सुजाताचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. बारावीचं प्रात्यक्षिक संपत आलं होतं, बेसिनपाशी परीक्षानळ्या धुण्याचा गलका चालला होता, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. मी बाहेर पॅसेजमध्ये आले. "नीता, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, मी आतून विचारलं उपमा चालेल का, तर उत्तर नाही. बघते तर..." मी "निघते" एवढंच म्हणाले. ही गोष्ट सात आठवड्यांपूर्वीची. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, भीती वाटली. प्रल्हाद कासारे, म्हणजे आमचे कासारे काका, जिवंत होते तोवर एक गोष्ट न सांगता चालून गेलं होतं. बारा वर्षं चालून गेलं. ते गेले, आणि ती गोष्ट जाणणारी मी एकटीच उरले.

काका आमच्याच इमारतीत राहायचे, भांडुपला, आमच्या वरच्या मजल्यावर. त्यांची मुलगी सुजाता माझ्या वर्गातली, पहिलीपासूनची मैत्रीण. काकांनी सगळी नोकरी एका सरकारी दारूगोळा कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तयार काडतुसं सैन्याकडे जाण्याआधी ज्यांच्या टेबलावरून जात, त्यांतले ते एक. घरात त्याबद्दल चकार शब्द नाही. आम्हा मुलींना इतकंच ठाऊक होतं, की काका डाळ-तांदूळ आणले तरी पिशवीत हात घालून घालून बघतात, आणि गॅसची नळी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं तपासतात. निवृत्त झाल्यावर मुलुंडला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या नेमबाजी क्लबानं त्यांना बोलावून घेतलं. क्लबाकडे एका मयत सभासदानं दिलेली एक रायफल होती. लहान तोंडाची, बारीक पण फार वेगवान गोळी फेकणारी. परदेशात शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी लांबून टिपायला असली रायफल वापरतात म्हणे. आपल्याकडे ती फक्त कागदाच्या लक्ष्यावर चालायची. पण तिची काडतुसं इथं मिळायची नाहीत, मागवायची तर परवान्यांचा फेरा. मग क्लबानं रीतसर परवानगी काढली आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा हातानं भरायची एक खोली काकांच्या ताब्यात दिली. सुजाता याच रायफलनं नेम धरायला शिकली. तिचा नेम बघायला लोक चहा टाकून यायचे.

मी त्या खोलीत शिरले ते एमएस्सी होऊन घरी बसले होते म्हणून. नोकरी लागत नव्हती, अर्ज टाकून टाकून कंटाळा आला होता. एकदा काका जिन्यात भेटले, म्हणाले, "तुला वजन करता येतं ना गं नीट?" मी म्हटलं, "काका, दोन वर्षं तेच तर केलंय." "मग रविवारी ये. बडबड कमी करायची मात्र." खोली लहान, उत्तरेला एक खिडकी, भिंतीला पक्का बसवलेला टेबल, त्यावर काचेच्या पेटीतला तराजू. पंखा नव्हता, कारण वाऱ्यानं काटा हलतो. काम तसं सांगायला सोपं. वापरलेली पुंगळी साफ करायची, तिला पुन्हा मूळ आकारात आणायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा होता. टोपी बसवलेल्या पन्नास पुंगळ्या त्यात उभ्या राहायच्या, तोंडं वर करून, आणि मी एकेकीवर पितळी नरसाळं धरून मापलेली दारू ओतत जायची. पन्नास झाल्या की काका बॅटरी घेऊन प्रत्येकीच्या तोंडात उजेड टाकून बघायचे. त्यांनी बघितल्याशिवाय एकही गोळी बसायची नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "यात वाईटात वाईट काय होईल, सांग."

"दारू जास्त पडेल. स्फोट होईल."

"ते सगळ्यांना सुचतं. या पुंगळीत दुप्पट दारू मावतच नाही, उतू जाते, तुला दिसेल. मला भीती आहे ती रिकामीची." मग त्यांनी एक गोळी हातात घेऊन समजावलं. पुंगळीत दारू घालायची राहून गेली, तरी टोपी आहेच. चाप ओढला की टोपी उडते, तेवढ्या धक्क्यानं गोळी नळीत शिरते आणि तिथंच अडकून बसते. आवाज होतो तो नुसता फुसका. नेम धरणाऱ्याला वाटतं काडतूस फुकट गेलं, तो दुसरं चढवतो आणि मारतो. पुढं वाट बंद, मागून भरलेलं काडतूस. नळी फाटते. "आणि नळीच्या मागे काय असतं?" काकांनी विचारलं. त्यांनी स्वतःच्या गालावर, उजव्या डोळ्याच्या खाली, बोट टेकवलं.

दोन वर्षं मी ते काम केलं. आता आठवतं ते काकांचं शांत बसणं. ओतणं सुरू झालं की ते स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसायचे, माझ्या हाताकडे बघत. मध्येच दार वाजलं, कोणी हाक मारली, तरी नजर हलायची नाही. कोणी आत डोकावलं तर "बाहेर थांबा" एवढंच, तेही न वळता. त्यांचा उजवा हात थोडा थरथरायचा, वयानं. म्हणूनच ओतायला मी होते. पण गोळी बसवायला बसले की तो हात कसा कोण जाणे स्थिर व्हायचा. कामाचं कौतुक केलेलं मला आठवत नाही. एकदाच, पावसाळ्यानंतर हवा कोरडी झाली तेव्हा मी स्वतःहून तराजू पुन्हा जुळवून घेतला, त्यावर म्हणाले, "आमच्या खात्यात असतीस तर बरं झालं असतं." पुढचे चार दिवस मी हवेत होते.

मग ती निवड चाचणी आली. लांब पल्ल्याच्या प्रकारासाठी राज्याचा संघ निवडायचा होता, आणि क्लबाच्या मैदानावर रविवारी सकाळी चाचणी होती. सुजाता वर्षभर तेवढ्यासाठी राबली होती. विमा कंपनीत नोकरी, सकाळी सहाला मैदानावर, नऊला कामावर. शनिवारी दुपारी आम्ही तिची पन्नास काडतुसं भरायला बसलो. त्याच आठवड्यात माझी आई इस्पितळात होती, पित्ताशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून त्या दिवशी मी फोन बंद न करता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला होता. काकांना दिसला. ते काही बोलले नाहीत. तीन रांगा झाल्या, चौथी चालू होती, आणि फोन वाजला. भाऊ होता. आईचं ऑपरेशन आजच करायचं ठरलंय, डॉक्टर म्हणतात थांबण्यात अर्थ नाही, लगेच ये. मी डाव्या हातात नरसाळं तसंच धरून बोलत होते. फोन ठेवला, नरसाळं पुढच्या पुंगळीवर ठेवलं, ओतलं, पुढे गेले. उरलेल्या पुंगळ्या कशा भरल्या ते मला सांगता येणार नाही. पन्नास झाल्या तेव्हा काका म्हणाले, "जा तू. बॅटरी मी मारतो, गोळ्या मी बसवतो." मी पळाले.

आईचं ऑपरेशन नीट झालं. रविवारी सकाळी ती शुद्धीवर आली, मला ओळखून हसली, आणि मी बाहेर बाकावर येऊन बसले. जीव पहिल्यांदा भांड्यात पडला होता. आणि तिथं बसल्या बसल्या, काही कारण नसताना, माझा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर आला... नरसाळं धरलेला. फोन वाजला तेव्हा नरसाळं कोणत्या पुंगळीवर होतं? मी ओतून उचललं होतं, की ओतायच्या आधी उचललं होतं? तराजूच्या ताटलीतली दारू, ती मी फोनच्या आधी ओतली होती की नंतर? मी पुन्हा पुन्हा तो क्षण लावून बघितला आणि दर वेळी वेगळं दिसलं. मग स्वतःला समजावलं, काकांनी बॅटरी मारून बघितलंय ना. ते कधी चुकलेत? पाच मिनिटं मी त्या बाकावर स्वतःला हे सांगत बसले. ती पाच मिनिटं मला अजून छळतात. चाचणी साडेआठला सुरू होणार होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते. सुजाताला फोन लावला, बंद. काकांना लावला, बंद. मैदानावर सगळ्यांचे फोन बंदच असतात. मी रिक्षा पकडली आणि मुलुंडपर्यंत हातात फोन घट्ट धरून बसले.

मी पोचले तेव्हा गोळीबार चालू होता. फाटकाशीच ऐकू येत होतं, एकेक आवाज, कोरडा, टेकडीवर आपटून परत येणारा. तो ऐकत मी धावत होते आणि प्रत्येक आवाजाला बरं वाटत होतं, कारण तो पुरा होता. काका प्रेक्षकांच्या कठड्यामागे उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी त्यांच्या कानाशी गेले. "काका, काल फोन आला तेव्हा... एक राहिली असेल. मला खात्री नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खात्री नाही की आठवत नाही?" "आठवत नाही." कठड्याखालून वाकून ते सरळ नेमबाजांच्या ओळीकडे चालू लागले, दोन्ही हात वर करून. सत्तरीच्या आत-बाहेरचा माणूस, भर चाचणीत, भरलेल्या रायफलींच्या दिशेनं. पंचांनी शिट्टी मारली. "थांबवा" असं ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, पण सगळे थांबले. सुजाता पालथी पडलेली होती, गाल रायफलीला टेकलेला. तिनं मान वळवून बघितलं ते मला विसरता येत नाही. "पप्पा, काय करताय? माझी वेळ चाललीय." काका म्हणाले, "रायफल उघड. काडतूस बाहेर काढ. उठ."

तिची आठ मारून झाली होती. उरलेली बेचाळीस काकांनी तराजू बाहेर मागवून, सगळ्यांसमोर, पंचांच्या टेबलावर एकेक करून तोलली. चोहोबाजूंनी माणसं उभी. वारा होता, म्हणून क्लबाच्या दोन सभासदांनी चादर धरली. एक काडतूस ठेवायचं, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, उचलून बाजूला. दहा झाली. वीस झाली. पंच घड्याळ बघायला लागले, कोणीतरी मागे म्हणालं, म्हातारा घाबरलाय उगीच. मीसुद्धा मनात प्रार्थना करत होते, काय निघावं यासाठी ते मला कळत नव्हतं. काही निघालं नाही तर सुजाताची चाचणी मी फुकट घालवली. निघालं तर... एकतिसाव्याला ताटली वर गेली. काकांनी ते उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा वर. त्यांनी चिमट्याच्या यंत्रात धरून गोळी ओढून काढली आणि पुंगळी पांढऱ्या कागदावर उलटी केली. कागदावर काहीच पडलं नाही.

पंचांनी विचारलं, "ही कोणी भरली?" मी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "खोली माझी आहे. शेवटची तपासणी माझी. चूक माझी." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. सुजाता समोर उभी होती, पॅडिंगचं जाड जाकीट अंगात, चेहरा घामानं ओला. पंचांनी उरलेली सगळी काडतुसं बाद केली, नियमाप्रमाणे बाहेरची चालत नव्हती, दुसरी भरलेली नव्हती, तिची चाचणी संपली होती. ती वडिलांना म्हणाली, "मी तुम्हाला सांगत होते, तुमचे हात थरथरतात. ऐकलं नाहीत." आणि ती निघून गेली. मी तिथंच होते, टेबलापासून तीन पावलांवर, आणि मी गप्प राहिले.

दुपारी मी काकांना शोधत गेले. ते क्लबाच्या पायऱ्यांवर बसले होते. मी म्हटलं, "काका, मी सांगते सगळ्यांना. फोन माझा होता, चूक माझी." ते म्हणाले, "फोन वाजला तेव्हा मी स्टुलावर होतो ना? उचलू नकोस म्हणायला हवं होतं. मनात आलं, आईचा असेल, उचलू दे. आणि ओतून झाल्यावर मी पन्नासच्या पन्नास बॅटरी मारून बघितल्या, नीता. मला सगळ्या भरलेल्या दिसल्या." मग म्हणाले, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. उजव्यातही आहे. कोणाला सांगितलं नव्हतं. खोली काढून घेतील म्हणून." "तुला वाटतं मी तुला वाचवलं," ते म्हणाले. "तसं काही नाही. तू आलीस म्हणून माझी मुलगी डोळ्यांनी बघतेय. ते मी विसरणार नाही. पण हे डोळ्याचं तू सुजाताला सांगायचं नाहीस. ती म्हणेल, माहीत असून पप्पांनी माझी काडतुसं तपासली. हाताचं राहू दे. हात सगळ्यांचेच थरथरतात."

मी कबूल केलं. ते सोपं होतं, कारण त्यांचं झाकताना माझंही झाकलं जात होतं. पुढच्याच महिन्यात काकांनी "जरा धूसर दिसतं" म्हणून गुपचूप मोतीबिंदू काढून घेतला. खोलीला कुलूप लागलं, दारू जमा केली गेली, मला कॉलेजात नोकरी लागली आणि मी घाटकोपरला राहायला गेले. सुजाता पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकारात संघात गेली, मग त्याच क्लबात प्रशिक्षक झाली. बाप-लेकीत भांडण असं कधी झालं नाही. पण मी त्यांच्या घरी जायचे तेव्हा बघायचे... काका चहा गाळायला उठले की सुजाता म्हणायची, "राहू द्या पप्पा, तुमच्यानं सांडेल." आणि काका बसायचे. बारा वर्षं ते बसत आले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी तेव्हा, आणि मी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहायचे.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, पाहुणे जेवून गेले, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तेव्हा मी सुजाताला गॅलरीत नेलं आणि सगळं सांगितलं. फोन, नरसाळं, बाकावरची पाच मिनिटं, पायऱ्यांवरचं बोलणं, मोतीबिंदू. काकांना दिलेला शब्द मोडला. ते बरोबर केलं का, अजून ठरवता आलेलं नाही मला. पण तिनं वडिलांच्या हातांना दोष देत उरलेलं आयुष्य काढावं, हे मला सोसवेना. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा तू तिथं उभी होतीस. मी त्यांना हातांवरून बोलले तेव्हा."

"हो."

"आणि गेल्या दिवाळीला. मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून किटली घेतली. तेव्हाही होतीस."

"होते."

"जा तू आता, नीता," ती म्हणाली. रागावून नाही. फार दमल्यासारखी.

तीन आठवडे तिचा फोन नव्हता. मी केला नाही. भांडुपच्या त्या जिन्यानं वर जायची हिंमत होईना. मग परवाच्या रविवारी तिचाच आला. "क्लबाला परवानगी परत मिळालीय. पप्पांची खोली उघडतायत, मला बघायला सांगितलंय. ये सकाळी." मी विचारलं, मी कशाला? "ये," ती म्हणाली.

बारा वर्षांनी दार उघडलं तर आत धुळीचा आणि जुन्या तेलाचा वास. कोळिष्टकं झाली होती, खिडकीची एक काच तडकली होती. आम्ही झाडायला लागलो. दुपारपर्यंत टेबल पुसून झाला, काचेची पेटी साफ झाली. सुजाता खाली बसून फडकं पिळता पिळता म्हणाली, "मी खूप विचार केला. तुझ्यावर राग आहे, तो जाईल का माहीत नाही. त्यांच्यावरही आहे. डोळ्याचं मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? ओरडले असते. मग त्यांच्या शेजारी बसून मीच बॅटरी मारली असती. एवढंच तर होतं." मग ती थोडा वेळ रडली. मीही रडले, त्या फोननंतर पहिल्यांदा. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "शनिवारी येशील का ओतायला? मी एकटीनं हे करणार नाही. कोणीच एकट्यानं नाही करायचं." मी म्हटलं, "येईन." "फोन बाहेर ठेवायचा." "हो."

निघताना सुजातानं दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप घातलं. काकांची एक सवय होती, कुलूप लागलं की ते मुठीत धरून दोनदा खाली ओढायचे आणि मगच किल्ली खिशात टाकायचे. सुजातानंही तसंच ओढलं, दोनदा, तिच्या लक्षात तरी आलं की नाही कोण जाणे. पायरी उतरून ती चालायला लागली, मग थांबली, मागे वळली आणि माझ्यासाठी बाजूला सरकली.

"तू पण बघ," ती म्हणाली.

मी पुढे झाले आणि कुलूप ओढून बघितलं.